आधी हॉल मोजा, मग टीव्ही

आपल्याकडे घरात टीव्ही येणे ही नुसती खरेदी कधीच नव्हती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा आख्ख्या चाळीत एखाद्याच बिऱ्हाडात संच असे आणि संध्याकाळी त्या बिऱ्हाडाला दार लावून घेण्याची सोय नसे. लाकडी सरकत्या दारांचे खोके, त्यावर विणलेला रुमाल, समोर सतरंजीवर पोरेटोरे, खुर्च्यांवर म्हातारी माणसे आणि घरमालक बहुधा दारात उभा! १९८२ मध्ये चित्राला रंग आले, १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ आले आणि रस्ते ओस पडले. त्या काळात पडदा किती इंची हे कोणी विचारत नसे. टीव्ही आहे की नाही, एवढेच विचारत.

आता तो बहुतेक घरांत असतोच, त्यामुळे प्रश्न बदलला आहे. ‘किती इंची?’ हा आजचा प्रश्न. ४३ इंची घेतलेल्याला ५५ इंचीवाला शेजारी खुपतो आणि ५५ इंचीवाल्याला ६५ इंचीवाला व्याही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या संचांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा घरोघरी थोपवून धरलेल्या या मोहाला एक सभ्य कारणही मिळाले.

आमच्या नात्यागोत्यात कोणाला मोठा टीव्ही घ्यायचा झाला की सोबत मला न्यायचे, असा गेल्या काही वर्षांत प्रघातच पडला आहे. दुकानातला विक्रेता प्रथम माझ्या दिरांशी बोलतो. मग भावजी अंग काढून घेत ‘वहिनींना विचारा’ म्हणतात आणि तो नाइलाजाने माझ्याकडे वळतो. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. मोठा टीव्ही जरूर घ्यावा; पण इंच ठरवण्याआधी हॉल मोजावा आणि हॉल मोजताना त्यात कोण कुठे बसते, हेही मोजावे. घरातल्या प्रत्येकाच्या हातात आज स्वतःचा चिमुकला पडदा आहे. सगळ्यांचा म्हणून हा एकच उरला आहे. तो निष्काळजीपणे निवडला आणि बसवला, तर पैसे जातातच, शिवाय एकेक माणूस हॉलमधून उठून आतल्या खोलीत जाते.

प्रथम इंचांचा हिशेब करू. टीव्हीचे इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे तिरके माप. ५५ इंची पडदा प्रत्यक्षात सुमारे ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच असतो. ६५ इंचीची रुंदी सुमारे ५७ इंच आणि उंची ३२ इंच. यात एक गंमत आहे. आपल्याकडच्या जुन्या २९ इंची काचेच्या संचाची चौकट चारास तीन या प्रमाणाची होती, त्यामुळे त्याच्या चित्राची उंची साडेसतरा इंचांच्या आसपास भरे. आजच्या ३२ इंची सपाट टीव्हीची उंची पावणेसोळाच इंच! ‘नवा टीव्ही मोठा घेतला तरी माणसे बारकी दिसतात’ ही आजोबांची तक्रार म्हणूनच अगदी शास्त्रशुद्ध होती.

आता अंतर. चित्रपटगृहाच्या तंत्रज्ञांचा ढोबळ नियम असा की, पडद्याने प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरचा ३० ते ४० अंशांचा कोन व्यापावा. घरच्या भाषेत सांगायचे तर पडद्याच्या तिरक्या मापाच्या १.२ पट ते १.६ पट अंतरावर बसावे. ५५ इंचीसाठी हे अंतर साडेपाच ते सव्वासात फूट येते, ६५ इंचीसाठी साडेसहा ते पावणेनऊ फूट. आपल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधला हॉल बहुधा दहा फूट रुंद असतो. सोफ्याची पाठ भिंतीला टेकवली की बसणाऱ्याचे डोळे समोरच्या भिंतीपासून आठ फुटांवर येतात. म्हणजे ‘आमचा हॉल लहान, एवढा मोठा टीव्ही शोभणार नाही’ हा संकोच बऱ्याचदा अनाठायी असतो. आठ फुटांवर ५५ किंवा ६५ इंची पडदा बेताचाच बसतो. उलट ४३ इंचीवरची धावसंख्या वाचायला तिथून डोळे ताणावे लागतात.

मात्र या हिशेबाला एक पुरवणी आहे. घरात पाहिले जाते काय? साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिनीच्या चित्रात अवघ्या ५७६ ओळी असतात. फोर-के पडद्यावर २१६० असतात. मधल्या सगळ्या ओळी टीव्हीला अंदाजाने भराव्या लागतात. ४३ इंचीवर हे खपून जाते. ६५ इंचीवर मालिकेतल्या सासूबाईंच्या पैठणीचे काठ विरघळल्यासारखे दिसतात. ज्या घरात दिवसाचे सहा तास अशाच वाहिन्या चालतात, तिथे इंच दहाने कमी केले किंवा केबलचे पॅकेज बदलून एचडी वाहिन्या घेतल्या, तर समाधान वाढते. आणि विक्रेता ‘एट-के’ म्हणू लागला की नम्रपणे मान हलवावी. ५५ इंची पडद्यावर सात-साडेसात फुटांच्या पलीकडे चांगल्या नजरेच्या माणसालाही फुल एचडी आणि फोर-के यांतला बारकावा सहज ओळखता येत नाही; एट-केचा बारकावा ओळखायला पडद्याला नाक लावून बसावे लागेल.

कागदावरचे हे गणित कंटाळवाणे वाटत असेल तर एक घरगुती उपाय सांगते. रद्दीतली वर्तमानपत्रे, हवे तर ही पुरवणीसुद्धा, वाचून झाल्यावर एकमेकांना चिकटवून ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच असा आयत करा. तो भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. येता-जाता, जेवताना, दिवाणावर आडवे होऊन त्याच्याकडे पाहा. तो फार मोठा वाटतो की लहान, देवघराच्या दाराला आड येतो का, दुपारी खिडकीचे ऊन नेमके त्याच्यावर पडते का, हे सगळे फुकटात कळते. खिडकी किंवा बाल्कनी पडद्याच्या अगदी समोर असेल तर दुपारच्या सामन्यात खेळाडूंऐवजी आपल्याच बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे दिसतील. शक्य असेल तर खिडकी ज्या भिंतीत आहे तिच्या काटकोनातली भिंत टीव्हीला द्यावी. नसेल तर जाड पडदे लावावेत. त्यांचा खर्च दहा जादा इंचांपेक्षा कमी येतो आणि उपयोग जास्त होतो.

हे सगळे घरी ठरवून मगच दुकानात जावे, कारण दुकान ही टीव्ही पारखण्याची सर्वांत वाईट जागा. तिथे छतावर पांढरे लख्ख दिवे असतात आणि त्यांच्यावर मात करण्यासाठी प्रत्येक संच दुकानी सेटिंगवर, भडक आणि निळसर करून ठेवलेला असतो. त्यात पोपट, फुले, परदेशातल्या दऱ्या आणि मधाचे थेंब दाखवतात. आपल्या घरी कोणी दिवसभर मधाचे थेंब पाहत नाही. पेनड्राइव्हवर आपल्याला ठाऊक असलेला एखादा चित्रपट न्यावा, ज्यात रात्रीचा प्रसंग आहे, कंदिलाच्या उजेडात माणसाचा चेहरा आहे. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ हे सेटिंग लावायला सांगावे आणि मग पाहावे. काळोख काळा दिसतो की राखाडी? चेहरा माणसाचा वाटतो की मेणाचा?

मग पडद्यासमोरून बाजूला चालत जावे. विक्रेत्यांना ही चाल आवडत नाही, पण एकत्र कुटुंबासाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. एलसीडी पडद्यांचे मुख्यतः दोन प्रकार बाजारात असतात. एकात, ज्याला व्हीए म्हणतात, काळा रंग गडद दिसतो पण बाजूने पाहिले की रंग फिके पडतात. दुसऱ्यात, म्हणजे आयपीएसमध्ये, बाजूनेही रंग टिकतात पण काळोख तेवढा काळा होत नाही. खोक्यावर हे बहुधा छापलेले नसते. क्यूएलईडी या भारदस्त नावाचा टीव्हीसुद्धा मुळात एलसीडीच असतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो, म्हणून काळोखही खरा आणि बाजूचे चित्रही चांगले. पण तो महाग. शिवाय पडद्याच्या एकाच जागी महिनोन् महिने तीच खूण राहिली तर तिचा डाग कायमचा उमटण्याची भीती असते. ज्या घरात सकाळी सहापासून बातम्यांची पट्टी आणि वाहिनीचे बोधचिन्ह झळकत असते, त्या घराने हा विचार करावा. सिनेमावेड्या दोघांच्या संसाराला जो टीव्ही उत्तम, तो सात माणसांच्या घराला उत्तम असेलच असे नाही. दुकानात मात्र दोघांनाही एकच टीव्ही दाखवला जातो.

टीव्ही घरी येतो आणि पाठोपाठ तो बसवणारा माणूस येतो. त्याला आणखी चार घरी जायचे असते. तो उभा राहतो, हात वर करतो आणि स्वतःच्या नजरेच्या रेषेत दहा मिनिटांत भोके पाडून मोकळा होतो. आपण टीव्ही उभ्याने पाहत नाही, हे त्याला सांगायचे राहून जाते. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ४० इंचांवर असतात, सतरंजीवर बसलेल्याचे ३० इंचांच्या आसपास. पडद्याचा मध्य या उंचीच्या जवळपास हवा. म्हणजे ५५ इंचीची खालची कड जमिनीपासून सव्वादोन फुटांवर आली, तरी ती ‘फार खाली’ नाही. शोकेसच्या वर, दाराच्या चौकटीच्या उंचीला टांगलेला टीव्ही दिसायला ऐटबाज. पण तासाभराने मान सांगते. आणखी दोन गोष्टी भोके पाडण्याआधी विचाराव्यात. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीला साधा प्लग नीट धरत नाही, तिला वेगळे फास्टनर लागतात. वीस-पंचवीस किलोचे ओझे आहे, कॅलेंडर नव्हे. आणि तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग खरोखरच आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की नुसते बटण बंद करून भागत नाही. पिन काढावी आणि डिशची वायरही सोडवावी.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते, ती म्हणजे आवाज. माझ्या आतेभावाकडे ६५ इंची टीव्ही आला. चित्र दृष्ट लागावी असे. महिन्या-दोन महिन्यांनी मी गेले तर आत्या आतल्या खोलीत पलंगावर बसून मोबाइलवर कीर्तन ऐकत होती. बाहेर तिची आवडती मालिका चालू होती. मी म्हटले, ‘आत्या, बाहेर बस की.’ ती म्हणाली, ‘अगं, दिसतं सगळं छान. पण बोलतात काय ते कळत नाही. आवाज वाढव म्हटलं की सगळ्यांचे कान किटतात. त्यापेक्षा हे बरं.’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला जास्त लागले.

यात आत्याचा दोष नाही आणि टीव्ही बिघडलेलाही नाही. वय वाढते तसे कान प्रथम उंच पट्टीतले ध्वनी गमावतात. स, श, फ, त, थ ही व्यंजने नेमकी त्या पट्टीत असतात. आवाज वाढवला की स्वर मोठे होतात, पार्श्वसंगीत मोठे होते, पण शब्द उलगडत नाहीत. त्यात टीव्ही जसजसे पातळ झाले तसे त्यांचे स्पीकर नखाएवढे झाले आणि त्यांची तोंडे जमिनीकडे किंवा भिंतीकडे वळली. चित्रपटाच्या पाच अधिक एक अशा ध्वनिरचनेत संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीत ठेवलेला असतो. टीव्ही त्या सहा वाहिन्यांची दोन स्पीकरांत खिचडी करतो आणि संवाद ढोल-ताशाखाली जातो. वर आपले हॉल! गुळगुळीत टाइल, सिमेंटच्या उघड्या भिंती, काचेची सरकती खिडकी. हॉलच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवून पाहा. ती पुन्हा ऐकू आली, तर संवादही दोनदा ऐकू येतो आहे असे समजा.

म्हणून माझा आग्रह असतो की, ठरवलेल्या रकमेतला चौथा हिस्सा आवाजासाठी काढून ठेवावा, मग त्यासाठी इंच कमी करावे लागले तरी चालतील. पाच कोपऱ्यांत पाच स्पीकर आणि खाली धडधडणारा डबा प्रत्येकाला हवाच असे नाही. दहा फुटी हॉलमध्ये तो डबा आपल्यापेक्षा खालच्या मजल्याला जास्त ऐकू जातो. मधला स्वतंत्र स्पीकर असलेला एक बरा साउंडबार पुरतो. तो कपाटात कोंडू नये, पडद्याच्या खाली मोकळा ठेवावा आणि टीव्हीच्या मागे ज्या खाचेवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेले असते तिथेच जोडावा. त्यात संवाद ठळक करणारे आणि रात्रीचे अशी दोन सेटिंग असतील तर पाहून घ्यावीत. रात्रीचे सेटिंग मोठा आणि हळू आवाज यांतले अंतर कमी करते. जमिनीवर जाड सतरंजी, भिंतीला पुस्तकांचे कपाट, खिडकीला जाड पडदा एवढ्याने घुमणारा हॉल निम्मा शांत होतो. आतेभावाने हेच केले, टीव्हीही फूटभर खाली घेतला. आत्या आता हॉलमध्ये बसते आणि मालिकेतल्या सुनेला मोठ्याने सल्ले देते. नातवंडांना त्याचा त्रास होतो, पण तो गोड त्रास आहे.

टीव्ही बसला, आवाज जमला, की एका संध्याकाळी अर्धा तास काढून सेटिंग नीट करावी. चित्राचे सेटिंग ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’वर आणावे. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल; नंतर डोळे सरावतात आणि जुनेच निळे वाटू लागते. हालचाल गुळगुळीत करणारे सेटिंग चित्रपटासाठी बंद करावे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर घेतलेला असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून घालतो, तेव्हा मोठ्या खर्चाचा चित्रपटही घरगुती व्हिडिओसारखा दिसतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वारी यांनी खास चित्रफीत काढून प्रेक्षकांना हे बंद करण्याची विनंती केली होती. क्रिकेटसाठी हवे तर चालू ठेवा.

आणि जुना चित्रपट ताणू नका. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ चा, जवळजवळ चौकोनी चौकटीतला. रुंद पडदा ‘वाया जातो’ म्हणून आपण तो ओढून बसवला की विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम सुमारे एक तृतीयांशाने जाड होतो. देहूच्या त्या कृश, विरक्त माणसावर हा अन्याय कशाला? दोन बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्याव्यात. चित्र जसे काढले तसे पाहणे, ही त्या कलावंतांना दिलेली साधी दाद आहे.

शेवटचे सेटिंग रिमोटचे. चालू केल्याबरोबर आजचे टीव्ही वीस चौकटींचा बाजार मांडतात. कुठल्या चौकटीत आपली वाहिनी दडली आहे हे ज्येष्ठांना उमगत नाही आणि विचारायचा संकोच वाटतो. बऱ्याच संचांत चालू होताच थेट सेटटॉप बॉक्स लागेल अशी सोय असते. ती शोधून लावून द्यावी. एकाच रिमोटने सगळे चालेल असे जोडावे. जास्तीचे रिमोट खणात ठेवावेत. अक्षरे मोठी करावीत, मिळत असतील तर संवादांच्या ओळी चालू ठेवाव्यात. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला दुसऱ्या कोणाला हाक न मारता टीव्ही लावता आणि बंद करता आला पाहिजे. माझ्या लेखी टीव्ही बसवण्याचे काम तोपर्यंत पुरे झालेले नसते.

‘एवढे करायला वेळ कोणाला आहे?’ असे काही वाचक म्हणतील. लाखभराची वस्तू आपण कर्जाच्या हप्त्यांवर घेतो, ती बारा महिने घराच्या मोक्याच्या भिंतीवर बसते, आणि तिच्यासाठी एक रविवार देता येत नाही, हे मला पटत नाही. लग्नातल्या जेवणाचा बेत ठरवताना कोणाला तिखट चालत नाही, कोणाचा उपवास आहे, हे आपण न चुकता विचारतो. तेवढीच चौकशी इथे करायची आहे.

नवा टीव्ही लागला की घरचे सगळे समोर बसतात आणि जो तो विचारतो, ‘कसा दिसतो?’ त्याचे उत्तर ठरलेले असते. ‘छान!’ तेवढ्यावर थांबू नये. कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला, खाली बसलेल्या पोराला आणि मागे दिवाणावर टेकलेल्या आजीला वेगवेगळे विचारावे, ‘तुला तिथून दिसतं का? तुम्हाला शब्द कळतात का?’ कोणी ‘चालेल हो’ असे म्हणाले, तर ते ‘नाही’ समजावे आणि उठून टीव्ही, खुर्ची किंवा आवाज जरा हलवावा.